सात दिवसांची राखण

विश्रामबाग, सांगली
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून पत्र लिहितोय. मागं मी रविवारी येतो म्हणालो, तर तुम्ही शुक्रवारीच मामीला पुरण घालायला लावलंत.

तुमचं ॲप तयार झालं. म्हाताऱ्या फौजींच्या आठवणी तुमच्या शेजारच्या रेश्माताई टॅबलेटवर टाइप करतील, आणि ते सगळं डेटाबेसमध्ये जाईल. डेटाबेस म्हणजे कपाट समजा. हे कपाट आपल्या घरात नाही, एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत आहे. कुलूप, राखण, डागडुजी सगळं तेच बघतात. आपण फक्त राखण कोणत्या दर्जाची हवी ते सांगायचं.

त्यांचे तीन प्लॅन आहेत. बेसिकमध्ये एकच मशीन असतं. ते सगळ्याची रोज एक नक्कल काढतात, पण ती सातच दिवस ठेवतात, मग टाकून देतात. म्हणजे काही पुसलं गेलं तर सात दिवसांच्या आत सांगायचं. त्याच्या वरच्यात मशीन जरा दांडगं, नकला चौदा दिवस. सगळ्यात वरचा प्रीमियम. त्यात दुसऱ्या शहरात जोडीला मशीन तयार असतं आणि मागच्या पस्तीस दिवसांतल्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं. खर्च माझ्याकडं, त्याचा विचार करू नका. काम तुमचं आहे म्हणून तुम्हाला विचारतोय, कोणता घेऊ?

आई बरी आहे. पूजा नमस्कार सांगते.

तुमचा,
जयराज

*

रहिमतपूर
१९ जानेवारी

चि. जयराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर डॉक्टरागत झालंय तुझं, मामीनं भिंग लावून वाचून दावलं. कपाटाचं कळलं. येवढं सोपं बोलाय येतंय तर फोनवर कशापाई इंग्लिश फाडतोस?

आन् ह्यात इचारायचं काय हाय गड्या? मोठा घे. तोफखान्यात अठ्ठावीस वर्सं काढली, एका संतरीच्या जिवावर आमी कवा झोपलो न्हाई. रिलीफ, म्हंजी बदलीचा गडी, पायजेच.

आपली माणसं कशी हायत बग. एकाहत्तरची लढाई बघितल्याली. त्यात तरणा म्हणायचा तर मी, शहात्तरचा. धुळा नव्वदीला टेकलाय. आन् ही माणसं एकदाच बोलत्यात. दुसऱ्यांदा इचारलं की "सांगितलं न्हव का मागं" म्हणून त्वांड फिरवत्यात. टेप तर चालतच न्हाई. धुळापुढं टेप ठिवला तर गडी ताठ बसला, नंबर, रँक, नाव सांगितलं आन् पुढं गप. साहेबापुढं हुबा केल्यागत. म्हणून आमी रीत काढली हाय. त्यांनी दारात शेंगा फोडत बसायचं, रेश्मानं मांडीवर टॅबलेट घिऊन वर न बघता टाइप करायचं. मग बोलत्यात बग! वही न्हाई, टेप न्हाई. जे हाय ते तुझ्या कपाटात. म्हणून म्हणतो मोठा घे.

तुझ्या आईला, लीलीला पण धाड. फौजीच्या बाया बी बोलल्या पायजेत. त्यांनी काय कमी लढाई केली न्हाई.

तुझा मामा,
नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली
२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसं केलं आहे. निश्चिंत राहा आणि काम सुरू करा.

आईला उन्हाळ्यात पाठवतो. पण मामा, ती काय सांगणार? आमच्या घरात दिवसभरात तिची वाक्यं मोजून दहा. जेवलास का, चाव्या घेतल्यास का, संपलं. बाबा सीमेवरच्या बर्फात गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दहाव्या वर्षी तिनं मला साताऱ्याच्या बोर्डिंगात टाकलं. इतरांच्या आया रविवारी डबे घेऊन यायच्या. ती सहा वर्षांत एकदाही आली नाही. तेव्हापासून आम्हाला कमी बोलायची सवय झालीय. राग नाही, पण सवय जात नाही. तुमच्या शेंगा फोडून ती बोलली तर आनंदच आहे.

तुमचा,
जयराज

*

रहिमतपूर
२० एप्रिल

चि. जयराज यास आशीर्वाद.

लीली चार दिस राहून परवा गेली. तू म्हणलास वाक्यं मोजून धा. अरं, तिसऱ्या दिशी सकाळी बसली ती दुपारचं ऊन अंगावर आलं तरी उठली न्हाई. मला मात्र हाकललं. म्हणाली, "दादा, तू जा मळ्यात, मला रेश्माशी बोलायचंय." सख्ख्या भावाला हाकलती, हाय का न्हाई! मी बी इचारलं न्हाई. रेश्मा म्हणाली, "आबा, ते जयराजदादांनीच पयलं वाचायचं हाय." मग मी कशाला नाक खुपसू.

आता त्रेचाळीस जणांचं झालंय. अर्जुना मागल्या हप्त्यात गेला. पर त्येचं लिवून झालंतं. त्येच्या पोरानं वाचलं आन् माझ्या गळ्यात पडून रडला, म्हणला बाप आज कळला. आतापातुर पाच जणं गेली बग.

तू तेवढं आईचं वाच. येळ लागला तर लागू दे, पर वाच.

मामा,
नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली
१५ जून

ती. मामांस,
सा. न.

उशिराबद्दल क्षमा. कंपनीत नवं काम आलंय, पुण्याला सारख्या फेऱ्या आहेत. आईचं वाचायचं राहिलंय. घाईत वाचण्यासारखं नसणार म्हणून ठेवलंय. दिवाळीत चार दिवस मोकळे आहेत, निवांत वाचीन. कुठं जातंय, आहेच की ते.

तुमचा,
जयराज

*

रहिमतपूर
१९ नोव्हेंबर

चि. जयराज यास आशीर्वाद.

काल तुझ्याकडं लीलीच्या तेराव्याला हुतो. दोन येळा तुला बाजूला घ्यायचं म्हणून उठलो आन् परत बसलो. तुझं डोळं बघितलं आन् जीभ उचलंना. म्हणून आज लिवतो. रेश्माला बी सांगितलंय, आज फोन कर म्हणून. तवा तुला कळलं असंल. पर कुणाच्या हातून झालं ते ती सांगायची न्हाई. ते मी सांगतो.

माझ्या हातून झालं.

राख सावडून आलो. लीली सारखी डोळ्याम्होरं. मनात आलं, तिनं सांगितल्यालं कागदावर छापून घ्यावं आन् तेराव्याला तुझ्या हातात ठिवावं. वाचायचं न्हाई, नुसतं छापायचं. धा तारखेला सोमवारी रेश्मा कराडला गेलीती, टॅबलेट आमच्यात चार्जिंगला हुता. म्हणलं आपुनच काढू. तिनं मला दोनदा दावलंतं. लीलीच्या नावाफुडं टिक करायची. ती टिक सगळ्यांवरच बसली. मग कसलं तरी बटण दाबलं. त्येनं इचारलं, खात्री हाय का? मला वाटलं छापायचं इचारतंय. खात्री हाय म्हणलं. आन् पाटी कोरी झाली बग, एका झटक्यात.

सांजच्याला रेश्मा आली, कपाळाला हात लावला. म्हणाली, "आबा, आत्ताच्या आत्ता जयराजदादांना फोन करते, ते परत आणतील." मीच आडवा आलो. म्हणलं, पोरी, असलं बोलू नगं. त्याच्या आईचं दिस चालल्यात. तेरावं होईस्तवर त्या घरात कामाची गोष्ट न्यायची न्हाई. आपल्यात तशी रीत न्हाई. आन् मोठा प्लॅन हाय, पस्तीस दिस हायत, घाई कसली? ती लय रडली. मी हुकूमच सोडला.

आता सुतक फिटलं. तेवढं परत आण. कराय लागलं तर मला चार शिव्या दे, पर आण.

मामा,
नाथाजी

*

विश्रामबाग, सांगली
२३ नोव्हेंबर

ती. मामांस,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ सांगतो. ते परत येणार नाही.

एकोणीसला सकाळी, रेश्माताईंचा फोन यायच्या आधीच, मी ॲप उघडलं होतं. आईचं वाचायला. पहिल्यांदाच. दिवाळीचे चार दिवस कसे गेले तेही आठवत नाही, बहुतेक झोपण्यात गेले. उघडलं तर पाटी कोरी. मला वाटलं नेट गेलंय. मग फोन आला.

चार दिवस त्या कंपनीच्या लोकांच्या मागं लागलो. ते गोड बोलतात, पण उत्तर एकच. तुमच्या प्लॅनमध्ये नकला सात दिवसांच्या होत्या, त्या मुदतीनंतर गेल्या.

मामा, मी मोठा प्लॅन घेतला नव्हता. बेसिक घेतला होता. तुम्हाला लिहिलं "तुम्ही म्हणालात तसं केलं", ते खोटं होतं.

पैशांसाठी नाही. तसं असतं तर निदान कारण तरी असतं. स्क्रीनवर तीन रकाने होते आणि मला हसू आलं होतं. वरचा प्लॅन बँका आणि दवाखाने घेतात, आणि आपल्याकडं एक टॅबलेट, एक टाइप करणारी बाई. गरजेपेक्षा मोठं घेणं हे आमच्या धंद्यात अडाणीपणाचं लक्षण मानतात. मी लोकांना रोज तेच शिकवतो. म्हाताऱ्या मामाला काय कळतंय, पुढं लागलं तर वाढवू, असं वाटलं. आणि वाटलं, सात दिवसांत चूक कुणाच्या लक्षात येणार नाही? आमच्या ऑफिसात सात मिनिटांत बोंब होते. चूक लक्षात येऊनही माणसं तेरावं होईपर्यंत तोंड मिटून बसतील, आणि तीही माझ्यावरच्या मायेनं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याच घरातली रीत, आणि तीच मी विसरलो.

वरचा प्लॅन असता तर तुमचं बटण दाबायच्या एक मिनिट आधीचं सगळं जसंच्या तसं आणता आलं असतं. पाटी तुमच्या बोटानं कोरी झाली असेल, पण ती कोरी राहिली ती माझ्यामुळं. तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका.

आई चार पावलांवर, पलीकडच्या खोलीत होती. सात महिने. आणि मी तिचं वाचायला मोकळा वेळ शोधत होतो. मामा, तिनं काय सांगितलं होतं? तुम्हाला थोडं तरी ठाऊक असेल ना?

जयराज

*

रहिमतपूर
३० नोव्हेंबर

जयराज,

पत्र वाचलं आन् फाडायला काढलं. तुझ्या मामीनं हातातनं हिसकून घेतलं. तू खोटं बोललास ह्याचा मला राग हाय, आन् तो लिवूनच टाकतो. मी मोठा घे म्हणलो तवा तू म्हणायचं, "मामा, तुमाला काय कळतंय." मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या. पर मला ठावं तरी असतं. मोठा प्लॅन हाय ह्या भरवशावर मी गप बसलो रं.

राग झाला. आता दुसरं.

आमी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिस मोजलं. धाला पुसलं. धा आन् सात, सतरा. म्हंजी दहाव्याला, पंधरा तारखेला, हरिपूरच्या घाटावर तू आन् मी मांडीला मांडी लावून बसलोतो, कावळ्याची वाट बघत. तवा दोन दिस हातात हुतं. माझ्या व्हटांवर आलंतं. तू म्हणलास, "मामा, बरं झालं तुम्ही हाय." मग मी गिळलं. तिथं बोललो असतो तर आज लीली हुती. तू म्हणतोस लावून घिऊ नका. लावून कसं न घिऊ?

लीली काय बोलली ते मला ठाव न्हाई. मला हाकललंतं. रेश्माला म्हणलं तू लिव. ती न्हाई म्हणत हुती. तिच्या मनात कायतरी हुतं, मला कळंना. काल लिवलं तिनं. मी वाचल्यालं न्हाई, पाकीट तसंच घालतो.

धुळाकडं मी जाऊन आलो. म्हणलं परत सांग. त्येनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "नाथा, आता मला ईसरलं."

मामा

*

सोबतचं पाकीट

जयराजदादा,
नमस्कार.

मला नीट लिहिता येईल का माहीत नाही. टाइप करताना मी वर बघत नाही, नुसती बोटं चालतात. त्यामुळं शब्दाला शब्द आठवत नाही. आठवतंय तेवढं लिहिते. चुकलं तर लीलीकाकूंनी माफ करावं.

तुमचे बाबा गेले त्यानंतरचं काकू सांगत होत्या. म्हणाल्या, मी रडायची तर जयराज माझ्यासमोर बसून राहायचा. मी घास घेतला की तो घ्यायचा. मी ताट सरकवलं की तोबी सरकवायचा. शेजारची पोरं खेळाय बोलवायची, तर "आई एकटी हाय" म्हणून जायचा न्हाई. सकाळी उठून मला चहा करून द्यायचा, स्टुलावर चढून. धा वर्षाचं पोर माझा बाप झालं हुतं. माझ्याजवळ राहिला असता तर पोरपण संपलं असतं त्याचं. म्हणून काळजावर दगड ठेवून बोर्डिंगला घातलं.

मग म्हणाल्या, पहिल्या रविवारी डबा घेऊन गेले. फाटकातनं बघितलं तर तो खेळत हुता. दोन वर्षांत पहिल्यांदा पळताना बघितला. मी आत गेले असते तर खेळ टाकून माझ्याजवळ बसला असता, माझं तोंड बघत. म्हणून आत गेलेच न्हाई. मागं ओढ्यापलीकडं बांध हुता, तिथं बसले. त्यानंतर महिन्यातनं दोन रविवार जायची. कराडला एसटी बदलून. संध्याकाळपर्यंत बघायची आन् डबा वाटेत कुणाला तरी देऊन परत यायची. सहा वर्षं. हे त्याला कधी सांगता आलं न्हाई. आता तोंडानं सांगायला जमत न्हाई, म्हणून तू लिव.

दादा, आता माझं सांगते. हे आबांनाबी माहीत नाही.

काकू मला आठवड्याला फोन करायच्या. "वाचलं का गं त्यानं?" मला ॲपमध्ये दिसायचं की तुम्ही उघडलेलं नाही. पहिल्यांदा मी म्हणाले, कामात असतील. दुसऱ्यांदाबी तसंच म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांचा आवाज इतका बारीक झाला की माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "व्हय काकू, वाचलं त्यांनी."

त्या म्हणाल्या, "काय म्हणाला?"

तुमच्या नावावर अजून एक खोटं कसं घालू? मी म्हणाले, "काही म्हणाले न्हाईत."

काकू म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

मी चांगलं करायला गेले, दादा. मला माफ करा.

रेश्मा

*

सातारा
१४ डिसेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

हे पत्र एसटी स्टँडवर बसून लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नका, मांडीवर कागद आहे.

आधी रेश्माताईंना सांगा, त्यांना माफ करणारा मी कोण? मी एकदा उघडलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं नसतं.

वरचा प्लॅन घेतला. दुसऱ्या शहरात जोडीला मशीन, पस्तीस दिवस, सगळं. सध्या त्यात काही नाही. कोऱ्या पाटीची एवढी राखण बघून माझीच मला लाज वाटली. पुढच्या रविवारपासून मी रहिमतपूरला येतो. जे हयात आहेत त्यांच्या दारात मी बसतो, रेश्माताईंच्या शेजारी. धुळाबाबांच्या तर पायावर डोकं ठेवीन. बोलले तर बोलले. नाही बोलले तर निदान त्यांच्या शेंगा फोडून देईन.

आज सकाळी बोर्डिंगला गेलो होतो. बांध अजून आहे. मी दहाच्या सुमाराला जाऊन बसलो. मामा, तिथून मैदान सगळं दिसतं, पण चेहरा एकही ओळखू येत नाही. इतकं लांब आहे ते. पोरं नुसती ठिपक्याएवढी. त्यात ती मला कशी शोधत असेल कोण जाणे. बसायला सावली नाही, पाणी नाही. दुपारी मला उठावंसं वाटलं, आणि मी तर डोक्याला टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो.

तीनच्या सुमाराला पोरं खो-खो खेळत होती. एक बाई फाटकातून आत आली, हातात पिशवी होती. तिला बघताच त्यातलं एक पोरगं मध्येच थांबलं. गडी ओरडत होते, "अरं, पळ की!" ते पळालं नाही. जाऊन तिच्याजवळ भिंतीला टेकून बसलं. पोरं डाव मोडून दुसरीकडं गेली, तरी ते तिथंच, तिच्या तोंडाकडं बघत. ती निघाली तेव्हाही परत खेळायला गेलं नाही.

मी असतो तर हेच केलं असतं. आई आत आली असती तर मी एकही डाव पुरा खेळलो नसतो.

मामा, तिला माझ्याकडून फार काही नको होतं. पलीकडच्या खोलीत जाऊन "कळलं गं आई" एवढं म्हणायचं होतं. तिनं सात महिने वाट बघितली, आणि वाचूनही मी काही म्हणालो नाही असं समजून ती गेली.

गाडी लागली आहे. येतो.

जयराज